अ जीवनसत्त्वाचा मुराळी

शहाद्याला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात लोक सहानुभूतीने बघतात. "म्हणजे नाशिककडे ना?" असं विचारतात. नाशिककडे नाही. नाशिक मागे टाकायचं, धुळं मागे टाकायचं, आणि आता गुजरात लागणार अशी खात्री झाली की मग नंदुरबार जिल्हा सुरू होतो. ज्यांना महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि कोकणातला मासा यापलीकडे प्रवास ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाचून ते जातील अशी आशा नाही.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. पेशी रक्तातून अ जीवनसत्त्व कसं उचलतात हा माझा विषय. लग्नसमारंभात कोणी "तुम्ही काय करता?" विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, तर माणूस जिलबी आणायला म्हणून जातो तो परत येत नाही. त्यामुळे शहाद्याच्या एका सेवाभावी मंडळाने याच विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा मला संशय यायला हवा होता. आला नाही. कौतुक कोणाला नको असतं?

सारंगखेडा

दोंडाईचा सोडल्यावर तापीच्या अलीकडेच बस अडकली. सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा भरली होती आणि शहाद्यातली सगळी लॉजं घोडेवाल्यांनी भरून टाकली होती. म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी माझी सोय त्यांचे मित्र नानाभाऊ यांच्या घरी, ब्राह्मणपुरीला केली होती. नानाभाऊ गाडी घेऊन जत्रेतच न्यायला आले. साठीचे गुजर शेतकरी, पांढरा शर्ट, आणि समोरच्याचं ऐकण्याआधी मान डोलावायची सवय.

"घोडा देखना का, मॅडम?" त्यांनी विचारलं. मला घोड्यांचं काडीचं अगत्य नाही, पण नाही म्हणण्याआधीच आम्ही घोड्यांत होतो.

घोडे देखणे होते हे मान्य. माणसं नव्हती. चकचकीत शर्टातला प्रत्येक जण घोड्याच्या मानेला मिठी मारून फोटो काढत होता आणि घोडा पुढाऱ्यासारखा भलतीकडे बघत होता. एका गाभण घोडीचा मालक तिचा खुराक सांगत होता. भिजवलेला हरभरा, गूळ, तूप, सकाळसंध्याकाळ दूध. सांगताना तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी विचारलं, "आणि घरातल्या बायका काय खातात?" तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

ब्राह्मणपुरी

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नानाभाऊंचं घर मोठं, फरशी नवी, ट्यूबलाइट मात्र मरायला टेकलेली. नानाभाऊंच्या पत्नी कमलताई दारात आल्या. घरात ही मंडळी आपसात गुजरी बोलतात, गावात अहिराणी, आणि पुण्याच्या पाहुणीशी दोन्हींत शाळेतली मराठी कालवून. मला त्यांचं पाऊण समजायचं आणि त्यांना माझं निम्मं. संसारात यापेक्षा कमी समजून लोक चाळीस वर्षं काढतात.

सून हेतल चहा घेऊन आली. पंचविशीची, पाच महिन्यांची गरोदर. भिंतीला एक हात लावून ती सावकाश चालत होती. माझ्यापुढे तिपाई होती. तिने कप तिपाईच्या शेजारी, हवेत ठेवला. चहा माझ्या साडीवर, कप फरशीवर. नानाभाऊ मोठ्याने हसले. हेतल खाली बसून हातांनी तुकडे चाचपायला लागली. डोळे उघडे होते, पण तुकडा समोर असून हात दुसरीकडेच जात होता.

"हसू नका हो," कमलताई म्हणाल्या. "पोटुशी शे ती. दिवा लागना का तिले दिखत नही. असं व्हसच. माले बी व्हयनं व्हतं."

असं व्हसच! जणू डोहाळे. आयुष्यभर मी रातांधळेपणावर तासन्‌तास बोलले आहे, आकृत्या काढल्या आहेत, परीक्षेत पाच गुणांना विचारला आहे. पण रातांधळं माणूस माझ्यासमोर असं कधी फरशी चाचपत बसलं नव्हतं. मला राग आला, आणि नेमका कोणावर ते न कळल्यामुळे जास्तच आला.

रात्रीचं जेवण मात्र असं की पुण्याच्या गोडसर आमटीची कीव यावी. काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, वर तेल ओतून घ्यायचं. मी निर्लज्जपणे खाल्लं. हेतलच्या ताटात भात आणि बटाट्याची भाजी होती. डाळ नाही, कारण वात होतो. दूध नाही, कारण कफ होतो. दही नाही, कारण रात्र आहे. पोटातलं बाळ हवेवर वाढवायचं असा बेत दिसत होता. मी तसं म्हटलं. कमलताईंनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आमच्याकडे पाहुणीचं तोंड बंद करायला अपमान करतात, इकडे वाढतात. हा उपाय बरा आहे.

शहादा

सकाळी शहाद्याला निघालो तर दोन्ही बाजूंना पपईच्या बागा. हिरव्या फळांना कागद गुंडाळून गडी ट्रक भरत होते. सगळा माल दिल्लीकडे. "तुम्ही खाता की नाही?" मी विचारलं. नानाभाऊ म्हणाले, "आम्ही कसाले खासुत? आम्हले भाव मालूम शे."

मंगल कार्यालयाच्या दारावर भलामोठा फलक होता: "अजीवनसत्त्व जनजागृती मेळावा". अ आणि जीवनसत्त्व यांच्यामधली जागा गिळलेली. सत्याला अ जोडला की असत्य होतं, न्यायाला जोडला की अन्याय होतो, आणि जीवनसत्त्वाला जोडून शहाद्यात मेळावा होतो. अध्यक्ष कापडाचे व्यापारी, चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले, अत्यंत हसतमुख. मी फलकाकडे बोट दाखवलं.

"फ्लेक्सवालानी करं, मॅडम. जागा कमी पडनी म्हणीसन अक्षरं जवळ लयात," ते म्हणाले. "लोकसले समजी जास."

लोकांना काय समजलं ते पुढे कळलंच. आधी दीपप्रज्वलन झालं. पंखा सुरू असल्यामुळे ते चार वेळा झालं. मग शाल, मग नारळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांना शाल. प्रास्ताविक करणाऱ्या गृहस्थांनी गाजरापासून सुरुवात केली आणि राष्ट्रनिर्माणापर्यंत गेले. माझी पाळी आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका डुलक्या घेत होत्या. त्यांच्यात कमलताईही होत्या, पण टक्क जाग्या, पदर नीट घेऊन.

मी सगळं सांगितलं. यकृतात साठा असतो, तिथून रेटिनॉल रक्तात येतं, एका वाहक प्रथिनाला चिकटून येतं, पेशीच्या आवरणात एक ग्राहक प्रथिन आरपार बसलेलं असतं, ते रेटिनॉल आत घेतं. पडद्यावर माझी लाडकी आकृती होती. लोक तिच्याकडे ज्योतिषाने मांडलेल्या कुंडलीकडे बघावं तसे आदराने आणि काहीही न समजता बघत होते. सूत्रसंचालकाने माइक घेऊन माझ्या व्याख्यानाचं सार सांगितलं: "म्हणजेच बंधूभगिनींनो, पेशीचं दार उघडं आहे! जितकं जास्त जीवनसत्त्व, तितकी जास्त दृष्टी!" टाळ्या पडल्या. मी ओरडून काही सांगणार तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात कॅप्सूलची पाकिटं दिली आणि कॅमेरे समोर आले. मंडळातर्फे सर्व महिलांना मोफत वाटप. मी हसत हसत पाकिटं वाटली. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. कॅमेऱ्यासमोर हसताना वाचता येत नाही, आणि खरं सांगायचं तर शालीने मलाही जरा चढलं होतं.

पुन्हा ब्राह्मणपुरी

दुपारी परतलो. कमलताईंनी पदरातून पाकीट काढून देव्हाऱ्यात ठेवलं, हळद वाहिली. मी झोपले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. देव्हाऱ्याशी गेले आणि सहज पाकीट उलटं करून बघितलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. तीव्र मात्रेची कॅप्सूल होती. डॉक्टरने नेमून दिल्याशिवाय कोणी घेऊ नये अशी, आणि गरोदर बाईने तर मुळीच नाही. पाकीट जागेवर ठेवून मी चुलीपाशी बसलेल्या कमलताईंकडे गेले.

"ताई, ते पाकीट कोणासाठी आणलंत?"

"हेतलकरता. तुम्हीच दिनं ना मन्हा हातमा? पण आज शनवार शे. शनवारले दवाई चालू करत नहीत. सकाय देसू."

शनिवारचे ते सगळे नियम मी लहानपणापासून हिणवत आले आहे. त्या क्षणी मी शनिमहाराजांना मनातल्या मनात हात जोडले.

"देऊ नका," मी म्हटलं. "उद्याही नको, परवाही नको. पोटातल्या बाळाला वाईट."

कमलताईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग शांतपणे विचारलं, "बाई, माइकवर सांगं ते खरं, का चुलाजोडे सांगी ऱ्हायनात ते खरं?"

माझ्यावर आजवर झालेली टीका पुष्कळ आहे, पण इतकी नेमकी कोणी केली नव्हती. काय सांगणार? आकृती काढावी तर ती त्यांनी सकाळी बघितली होती. ग्राहक प्रथिन म्हणावं तर ग्राहक म्हणजे गिऱ्हाईक. मराठीत विज्ञान नेण्याच्या गप्पा मी परिसंवादांत मारते, तिथे सगळ्यांना आधीच इंग्रजीत समजलेलं असतं. इथे चुलीपाशी माझी परिभाषा पहिल्याच वाक्यात संपली.

"आखाजीला मुलीला माहेरी कसं आणतात, परत कसं पोचवतात?" मी विचारलं. आखाजी म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया.

"मुऱ्हाई जास," त्या म्हणाल्या. "भाऊ, नही ते चुलतभाऊ. एकली थोडी येस पोर?"

आमच्याकडे मुराळी म्हणतात. आता म्हणत नाहीत, आता मुलगी कॅब करून येते. पण शब्द मला आठवला आणि मी तो धरून ठेवला.

"मग ऐका. हे जीवनसत्त्व म्हणजे पोर. तेलकट जातीची, रक्ताच्या पाण्यात एकटी निभावत नाही. यकृत तिला मुराळी करून देतं आणि मगच घराबाहेर काढतं. मुराळी बिचारा अंगाने लहान, वाटेत मूत्रपिंडातून गळून जाईल, म्हणून त्याच्यासोबत आणखी एक दांडगा सोबती. तिघं डोळ्याच्या पेशीच्या दाराशी येतात. दारात मुराळी थांबतो. पोर आत जाते. तिथे आत तिला हाताला धरून नेणारं दुसरं माणूस असतं. मुराळी आत जात नाही, फिरतो."

"बराबर शे," कमलताई म्हणाल्या. "पोर पोचाडी का मुऱ्हाई पानी पेस आनी फिरी जास. तो ऱ्हायना ते लोके बोलतीन."

"आणि मुराळी कशाचा बनतो? डाळीचा, दुधाचा. तुम्ही हिची डाळ बंद केली, दूध बंद केलं. म्हणजे यकृतात थोडीफार पोर असली तरी तिला न्यायला माणूस नाही. ती बसून राहणार. इकडे डोळा वाट बघणार."

बाजूला हेतल लसूण सोलत होती, तिचे हात थांबले.

"बरं मंग," कमलताई हट्टाला पेटल्या, "मुऱ्हाई नही म्हणीसन पोरी जास्ती धाडूत. हाई गोयीमा जास्ती पोरी शेतीस ना?"

"तिथेच घोटाळा आहे. गठ्ठ्याने पोरी आल्या, मुराळी मोजकेच. बाकीच्या काय करतील?"

"एकल्या निंघतीन." त्या म्हणाल्या. "एकली उनी म्हंजे पळीसन उनी."

"तशाच ह्या. मुराळ्याविना, चरबीच्या थेंबांतून फिरतात आणि दिसेल त्या घरात शिरतात. दाराशी विचारपूस नाही, आत किती घ्यायच्या याचा हिशेब नाही. मोठ्या माणसाचं यकृत बिघडतं. पोटातल्या बाळाचं तर घर अजून बांधायचं चाललेलं असतं. हृदय कुठे, कान कुठे, हे ह्याच जीवनसत्त्वाच्या अगदी मोजक्या मात्रेवर ठरतं. तिथे अशी झुंड शिरली तर?"

कमलताईंनी उठून देव्हाऱ्यातलं पाकीट घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मला विजय झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात हेतल म्हणाली, "मी एक खादी."

मी पाकीट उघडून मोजलं, एक कमी होती.

"दुपारले," ती खाली बघून म्हणाली. "तुम्ही झोपेल व्हतात. माले वाटनं, आज तरी सांजले दिखई. रोज दिवा लागना का मी आंधयी. सगया हसतस." तिने तोंडावर पदर घेतला. नानाभाऊ दारात उभे होते, ते बाहेर गेले.

दिवेलागण झाली. हेतलला तेव्हाही दिसत नव्हतं. एका कॅप्सूलने इतक्यात दिसणारही नव्हतं.

मी अध्यक्षांना फोन लावला आणि सगळी पाकिटं परत घ्यायला सांगितलं. "मॅडम, फोटो पेपरले गयात," ते म्हणाले. मी म्हटलं, बाळ वाकडं जन्मलं तर त्याचाही फोटो पेपरला जाईल. मग मात्र त्यांची धावपळ सुरू झाली. गावोगावच्या आशाताईंना निरोप गेले, आणि अध्यक्षांनी तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला: "गरोदर भगिनींनी अजीवनसत्त्वाच्या गोळ्या परत कराव्यात." चूक तीच होती, पण यावेळी अर्थ बरोबर लागत होता.

रविवार

सकाळी कमलताई आणि मी हेतलला घेऊन शहाद्यात एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी पाकीट बघितलं, हेतलला तपासलं, सोनोग्राफी केली, आणि ते होईपर्यंत मी भिंतीवरचं गुबगुबीत परदेशी बाळांचं कॅलेंडर बघत बसले. बाळाचे अवयव घडण्याचा सगळ्यात नाजूक काळ मागे पडला होता. गोळी एकच होती. सोनोग्राफीत बाळ ठीक दिसत होतं. "एवढ्याने काही होईल असं वाटत नाही, पण आता पुन्हा नको," त्या म्हणाल्या. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, कमी मात्रेचं औषध लिहून दिलं, आणि खायला सांगितलं: डाळ, दूध, पालेभाजी, पिकलेली पपई.

पपई म्हटल्यावर कमलताई उठून उभ्याच राहिल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "डाळ देसू. दूध देसू. गोयी देसू. पपई या घरमा पोटुशीले भेटाव नही."

आणि घराभोवती पपईचं रान! अनोळखी माणसाने कॅमेऱ्यासमोर दिलेल्या कॅप्सूलला हळद वाहायची, आणि स्वतःच्या बांधावरच्या फळाला घरात बंदी. मी तसं बोलले, बरंच जास्त बोलले. गाभण घोडीचा खुराकही काढला. कच्च्या पपईचा चीक वाईट, ते खरं आहे, कच्ची गरोदरपणी खाऊच नये. पण पिकलेलीत तो चीक राहत नाही. तिच्यातल्या पिवळ्या रंगातून शरीर आपल्याला हवं तेवढंच जीवनसत्त्व बनवून घेतं, झुंड करत नाही. कच्चीच्या बदनामीत पिकलेलीला कशाला फरफटवता?

नानाभाऊंनी कधी नव्हे ते माझं सगळं ऐकून घेतलं. मग ते बागेत गेले आणि झाडावर पिकलेली, पोपटांनी न फोडलेली एक पपई घेऊन आले. कमलताईंनी ती घेतली. स्वतः कापली, बिया काढल्या, बोट फिरवून कुठे पांढरा चीक लागतो का ते बघितलं. ताटली माझ्यापुढे ठेवली.

"काही व्हयनं ते?"

"काही होणार नाही."

"मंग तुम्हीच भरवा तिले. तुमना हातनी."

मी फोड उचलली. हजार विद्यार्थ्यांना मी हे ठासून सांगितलं आहे, पण फोड कोणाच्या तोंडापर्यंत नेण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. कुठे चीक लागतो का ते मी ती उलटून पुन्हा बघितलं. मला माहीत होतं की भीतीचं काही कारण नाही, आणि तरी बघितलं. हेतलने माझं मनगट धरलं आणि फोड खाल्ली. मग दुसरी खाल्ली, मग ताटली स्वतःकडेच ओढून घेतली. कमलताई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

ताटली रिकामी होत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "पिकेलनी खरंच काही व्हत नही?"

"नाही, ताई."

"मन्हं पहिलं चवथा महिनामा गयं," त्या म्हणाल्या. "मी पपई खादी व्हती. सासू मरेपावत सांगे, तूच तुन्हं पोर खाई टाकं."

त्यांनी हेतलपुढच्या ताटलीत बघितलं.

"पिकेल व्हती," त्या म्हणाल्या. "मी खादेल ती पिकेल व्हती, बाई."